फ्रेमचे बेबी कॅरिअर: कॅरिअर उत्तम, छताची क्लिप मात्र कुचकामी

बाळाला पाठीवर बसवून नेण्याच्या फ्रेमच्या कॅरिअरवरील ज्या छतासाठी विक्रीच्या वेळी वेगळे पैसे घेतले, ते छत ‘ॲक्सेसरी’ असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही, असे ग्राहक सेवा केंद्राने लेखी कळवल्यामुळे हा अनुभव लिहीत आहे. तुटली आहे ती फक्त छत कॅरिअरला अडकवणारी, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची क्लिप. पण सुटी क्लिप मिळत नाही, संपूर्ण छतच नवे घ्या, असे त्यांचे म्हणणे आहे.

मूळ कॅरिअरबद्दल तक्रार नाही. बाळाला आधाराशिवाय बसता येऊ लागल्यावरच आम्ही ते वापरायला काढले. कमरपट्टा नीट आवळला की भार खांद्यांवर न राहता कमरेवर उतरतो. कॅरिअरच्या 22 किलोंच्या वजनमर्यादेत बाळ आणि पाण्याच्या बाटल्यांबरोबरच कॅरिअरचे स्वतःचे साडेतीन किलोही धरलेले आहेत, हे मात्र खरेदीपूर्वी वाचावे.

छत केवळ उन्हासाठी आहे आणि त्याची किंमत अवाजवी आहे, असे माझे सुरुवातीचे मत होते. लोहगडाच्या पायऱ्यांवर टोपीने काम भागते, मग हा खर्च कशाला, असे वाटे. राजमाचीच्या वाटेवर ते मत बदलले. कॅरिअरमध्ये बाळाचे डोके आपल्या डोक्याच्या मागे आणि किंचित वर राहते. करवंदीची फांदी चुकवण्यासाठी आपण मान वाकवतो, तेव्हा ती नेमकी मागे बाळाच्या तोंडावर येते. छताची कड तो फटका झेलते. म्हणूनच चालताना क्लिप निसटून छत लोंबकळू लागणे, ही मला किरकोळ बाब वाटत नाही.

थंडीत आपल्याला चढाने घाम येतो, पण पाठीवरचे बाळ हालचालीविना बसलेले असते आणि त्याचे लोंबते पाय गार पडतात, म्हणून मोजे आणि एक जादा थर लागतोच. स्टँड उघडून कॅरिअर सपाट जमिनीवर ठेवले तरी हात काढू नये; खडकावर किंवा तटाच्या भिंतीवर तर ते ठेवूच नये. पवनेकाठच्या मुक्कामात बाळ कॅरिअरमध्ये झोपी गेले, तर मान पुढे कलंडते, त्यामुळे त्याला काढून तंबूत सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे. त्या तंबूत उबेसाठी कोळशाची शेगडी मुळीच नेऊ नये, कारण कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

नवे छत मी घेतलेले नाही. बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने क्लिपेच्या जागी नायलॉनची पट्टी आणि धातूची कडी साठ रुपयांत शिवून दिली, आणि ती मूळ क्लिपेपेक्षा घट्ट बसते. हे कॅरिअर घेणाऱ्यांनी दुकानातच छत लावून दोन्ही क्लिपा जोराने ओढून पाहाव्यात आणि बिलावर छताची वॉरंटी स्वतंत्र लिहून घ्यावी.