कमी युरियात बटाटा: पुखराज की गौरव?

कोपरखैरणे, घणसोलीत आंबेगाव-जुन्नरची बरीच कुटुंबं राहतात. नोकरी इकडे, शेती सातगाव पठारावर नाहीतर मंचरकडे. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात ओळखीचं कुणी भेटलं की प्रश्न येतोच: कमी खतात कुठलं बेणं येईल? माझं म्हणणं, आधी हंगाम आणि जमीन सांगा, वाणाचं मग बघू.

दोन्ही वाण सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे. कुफ्री पुखराज १९९८ चा, लवकर निघणारा. कुफ्री गौरव २०१२ चा, मध्यम मुदतीचा. कमी खतात चांगलं उत्पन्न ही गौरवची खास ओळख, पण त्याची शिफारस उत्तरेतल्या मैदानी भागासाठी आहे. इथेच खरी मेख आहे.

पिकाला नत्र, म्हणजे युरियातलं नायट्रोजन, लागू पडणं ही दोन कामं आहेत. एक, मुळांनी ते उचलणं; दुसरं, उचललेल्या नत्रातून कंद भरणं. बटाट्याची मुळं उथळ. पठारावर पाऊस कोसळला की युरियाचं नायट्रेट झालेलं नत्र मुळांच्या खाली निघून जातं. मग वाण कितीही गुणी असो, काय उचलणार? खरिपात म्हणून खत विभागून देण्याला मी वाणापेक्षा जास्त महत्त्व देतो.

मुदतीचा संबंध तर थेट जनुकांशी आहे. पाचव्या गुणसूत्रावरचं सीडीएफ१ हे जनुक पीक लवकर तयार होणार की उशिरा, हे बरंचसं ठरवतं. नत्राच्या वापराचे गुण शोधताना संशोधक पुन्हा पुन्हा याच जागेपाशी येतात, कारण उशिरा तयार होणारं झाड जास्त दिवस नत्र घेत राहतं. त्यात बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे एकाच जनुकाची चार निरनिराळी रूपं एका झाडात असू शकतात. उत्तरेत लागवड ऑक्टोबरात, दिवस लहान होताना. आपल्याकडे खरिपाची जून-जुलैत, मोठ्या दिवसांत, जेव्हा कंद तसाही उशिरा धरतो. तेव्हा नत्र जास्त झालं तर नुसता पाला माजतो आणि कंद धरायला उशीर होतो. तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावू नका.

रब्बीत पाणी हाताशी असेल आणि माल लवकर काढायचा असेल तर पुखराज घ्या. चिप्ससाठी मात्र नको, त्यात कोरडा अंश कमी असतो. गौरव आधी थोड्या सऱ्यांत लावा, शेजारी पुखराज, आणि दोन्हींच्या निम्म्या सऱ्यांना नत्र थोडं कमी द्या. काढणीला प्रत्येक सरीचं वजन वेगळं लिहा. कमी नत्राच्या सऱ्यांत गौरव पुढे दिसला, तरच त्याचं बेणं वाढवा.