आठ महिने रिठ्यावर धुणं: फक्त ती पुरचुंडी घेऊ नका

सगळ्यात आधी पुरचुंडीचं लिहिते, कारण माझे साडेसहाशे रुपये तिच्यापायी गेले. रिठ्याच्या पाकिटासोबत पातळ मलमलची एक थैली येते. पाच-सहा रिठ्यांची टरफलं तिच्यात भरा, नाडी ओढा आणि कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाका, असं पाकिटावर छापलेलं. जानेवारीत धुणं चालू असताना नाडी सुटली. टरफलं भिजून मऊ झाली होती, त्यांचा चुरा निचऱ्याच्या फिल्टरमध्ये जाऊन बसला आणि मशीन भरल्या पाण्यानिशी बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस चौथ्या दिवशी आला. तपकिरी लगदा माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, असला झाडपाला घातलात तर वॉरंटी लागत नाही." मी म्हटलं, फिल्टर धुवायचं दहा मिनिटांचं काम, त्यात वॉरंटीचा प्रश्न येतोच कुठे? पुष्कळ वाद झाला, पैसे घेतलेच. तो गेल्यावर थैली नीट पाहिली. नाडीच्या टोकाला गाठच नव्हती, टोक नुसतं वितळवून चिकटवलेलं! एक साधी गाठ मारायला काय जात होतं, याचा मला अजून राग येतो.

त्या दिवशी रिठे डब्यात बंद करून वर टाकले होते. महिन्याभराने परत काढले ते विहिरीसाठी.

आमचं घर गोव्यात, म्हापशात, खोर्लीत, उतारावर. अंगणात जुनी बांय, म्हणजे विहीर आहे, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली. पिण्याचं पाणी नळाचं, अस्नोड्याहून येणारं. विहिरीचं पाणी झाडांना, अंगणाला आणि नळ गेला की भांड्यांना. गेल्या वर्षी जुलैत कळशी वर काढली तर पाण्यावर बोटभर फेस. पांढरा, साबणाचा, फुंकर मारली तरी न हलणारा. धुण्याचं पाणी सेप्टिक टाकीतून आमच्या शोषखड्ड्यात जातं आणि खड्डा विहिरीपासून फार लांब नाही. जांभा दगड म्हणजे भोकाभोकांचा, पाणी त्यातून सहज वाट काढतं. पावसात जमिनीतलं पाणी वर चढलं की खड्डा आणि विहीर यांच्यात राहतं काय?

नंतर समजलं ते असं. बहुतेक पावडरींत मळ काढणारं मुख्य रसायन असतं लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनेट. हवा लागते तिथे जिवाणू ते बऱ्यापैकी मोडतात. सेप्टिक टाकीत हवाच नसते, म्हणून तिथे ते जवळजवळ जसंच्या तसं राहतं आणि पुढे झिरपतं. वर आपण संडासात फिनेल आणि ब्लीच ओतून टाकीतले काम करणारे जिवाणूही मारतो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, तेही फेस करतं, पण मातीत लवकर कुजून जातं.

आता माझी पद्धत. टरफलं मशीनमध्ये टाकायचीच नाहीत. बिया काढून टाकते, त्या काळ्या कुळकुळीत बियांचा धुण्याला उपयोग नाही. शंभर ग्रॅम टरफलं रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालते, सकाळी वीस मिनिटं उकळते, निवल्यावर हातांनी कुस्करून जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळते. एका धुण्याला अर्धी वाटी. सुरुवातीला बाटली ओट्यावर ठेवायचे, तर आपल्या उकाड्यात चौथ्या दिवशी आंबून वास मारायला लागली. आता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि लागतील तितके खडे काढते.

फेस कमी येतो, त्याची सवय व्हायला मला दोन महिने लागले. सासूबाईंना लागले नाहीत. त्यांनी रेशमी लुगडी आणि सोनं आयुष्यभर रिठ्यानेच धुतलं आहे.

पांढऱ्या कपड्यांबद्दल खोटं सांगणार नाही. मुलाचा शाळेचा शर्ट तिसऱ्या महिन्यात पिवळसर दिसू लागला. पावडरीत चकाकी आणणारं द्रव्य असतं, ते उन्हात निळसर चमकतं आणि आपल्याला तीच स्वच्छता वाटते. रिठ्यात ते नाही. कॉलरला धुण्याचा सोडा चोळते, तेवढ्यावर भागतं. हुमणाच्या, म्हणजे माशांच्या कालवणाच्या हळदीचे डाग रिठ्याने जात नाहीत, कडक उन्हात फिके पडतात. म्हणजे पावसाळ्यात पडत नाहीत. जून ते सप्टेंबर त्या डागांपुढे मी हरले आहे.

एक चूक माझ्या हातून झाली ती इथे नोंदवते. उरलेलं दाट पाणी मी विहिरीच्या काठाशीच ओतत होते, नैसर्गिक आहे म्हणून. विहिरीत डासांच्या अळ्या खायला सोडलेले गप्पी मासे आहेत. सॅपोनिन माशांना घातक असतं, पूर्वी मासे गुंगवून धरायला अशाच झाडांची साल आणि फळं पाण्यात टाकत, हे फार उशिरा वाचलं. मासे वाचले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून ते पाणी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, माडाच्या आळ्यात.

लादी पुसायला अननसाच्या आणि लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम करते: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. गूळ साधा उसाचा. माडाचा गूळ पातोळ्यांना लागतो, तो इथे घालवू नका. पहिला महिना झाकण रोज सैल करा, आत वायू भरतो, म्हणून काचेची बरणी नको. हे आंबट पाणी कडप्प्याच्या ओट्यावर सांडलं तर कायमचा डाग पडतो, माझ्याकडे एक आहे. आणि ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

खर्च: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला रिठे 240 रुपये किलो मिळाले. बिया काढून निम्मं वजन उरतं, त्यात साधारण पन्नास धुणी. म्हणजे धुण्याला पाचेक रुपये, गॅस वेगळा. पावडरीला अकरा पडत होते. पाकिटातले रिठे दुपटीहून महाग, वर ती पुरचुंडी.

या जुलैत पहिल्या मोठ्या पावसानंतर मुद्दाम कळशी काढली. फेस होता, पण काठाशी बारीक रेघ, कळशी ओट्यावर ठेवेपर्यंत विरली. यामुळे पाणी पिण्याजोगं झालं असं मी म्हणत नाही, जंतूंचा प्रश्न वेगळाच आहे. शिवाय वरच्या अंगाला तीन घरं आहेत आणि त्यांचंही पाणी याच उताराने खाली येतं. त्यांतल्या एका काकींना मी बाटलीभर रिठ्याचं पाणी नेऊन दिलं, त्यांनी परवा रिकामी बाटली परत पाठवली, आत चिठ्ठी: अजून हवं.

ज्यांना मशीनमध्ये टरफलंच टाकायची आहेत, त्यांनी मुलाचा जुना सुती मोजा घ्यावा आणि तोंड सुईदोऱ्याने शिवून टाकावं. नाडीवर भरवसा ठेवू नये.