शंभर कार्डांचा नवलसंच: निळी कार्डं नादखुळा, पिवळी तपासून घ्या

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर विकला जाणारा सामान्यज्ञानाच्या कार्डांचा हा संच. १०० कार्डं, चार रंग, प्रत्येकी २५, किंमत २५० रुपये. पुढे प्रश्न, मागे उत्तर.

पैसे वसूल होतात ते 'कोल्हापूर' या निळ्या गठ्ठ्यात. 'आपल्या कोणत्या छत्रपतींची छत्री इटलीत आहे?' या एका कार्डावर अख्खं घर अडतं. उत्तर आहे राजाराम महाराज. युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला आणि १८७४ मध्ये तिथे छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक, उभी राहिली. कार्ड इथे थांबतं. पण त्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला न्यू पॅलेस आखला त्यांचाच. मागची निम्मी बाजू कोरी असताना एवढी ओळ का गाळली, हे कळत नाही.

अंबाबाईच्या मंदिरात मावळतीची किरणं आत येतात तो किरणोत्सव; त्याच्या तारखांच्या कार्डावर मात्र भांडण ठरलेलं. उत्तर म्हणून फक्त ९ ते ११ नोव्हेंबर छापलंय. '३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी' म्हणणाऱ्याचा गुण जातो, आणि खरं तर तोही बरोबर असतो. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण ४२ दिवस आधी आणि ४२ दिवस नंतर तो क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. म्हणून ही किरणं वर्षातून दोनदा आत येतात. पेनाने दुसऱ्या तारखा लिहून टाका, वाद मिटतो.

प्राण्यांच्या पिवळ्या गठ्ठ्यात ढिलाई जास्त. राधानगरीच्या गव्याला सरळ 'बायसन' म्हटलंय. बोलताना सगळेच म्हणतात, पण खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात; गवा वेगळा. 'भारतातला शेवटचा चित्ता १९५२ मध्ये मारला' हेही चूक. शेवटचे नोंदलेले तीन चित्ते १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात मारले गेले. १९५२ हे चित्ता नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं ते साल. शिकारीसाठी चित्ते पाळणाऱ्या संस्थानाच्या गावात ही चूक जरा जास्तच खुपते.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे बरोबर, पण कशाला ते लिहिलेलं नाही. दोन हृदयं कल्ल्यांत रक्त ढकलतात, तिसरं उरलेल्या शरीराला पुरवतं. पोहताना हे तिसरं थांबतं, म्हणून तो पोहण्यापेक्षा सरपटणं पसंत करतो. पोरांना खरी गंमत यातच वाटते.

वनस्पतींची कार्डं ठीक. इतिहासाच्या लाल गठ्ठ्यातलं 'चीनची भिंत चंद्रावरून दिसते' हे कार्ड काढून टाका, ती दिसत नाही. क्लिओपात्राचं कार्ड मात्र ठेवा: गिझाचा मोठा पिरॅमिड तिच्या काळात अडीच हजार वर्षं जुना होता, आणि ती गेली त्याला चंद्रावर माणूस उतरेपर्यंत दोन हजारच वर्षं झाली होती.

कागद जाड आहे, पण वर लॅमिनेशन नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कार्डं आठवड्याभरात वाकतात आणि मग पिसता येत नाहीत. रबर लावू नका, कडा दुमडतात. घट्ट डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. कार्डांना क्रमांक नाहीत, त्यामुळे एखादं हरवलं तरी पत्ता लागत नाही. पहिल्याच दिवशी कोपऱ्यात १ ते १०० लिहून घ्या. नियमपत्रिका चौघांना दहा-दहा कार्डं वाटायला सांगते. त्याने डाव रेंगाळतो, पाच पुरतात.

पाचवीच्या पुढच्या पोरांसाठी घ्यायला हरकत नाही. उघडून बघू देत असतील तर किरणोत्सवाचं कार्ड काढा: दोन्ही तारखा असतील तर नवी आवृत्ती, एकच असेल तर पन्नास रुपये कमी करायला सांगा.