न उघडलेल्या दारांचा हिशेब: गटवार वेट, रेकिंग की प्रोपेन्सिटी?

मुंबईत घरोघरी सर्व्हेला निघालं की चाळीत दार उघडंच असतं, टॉवरमध्ये वॉचमन लिफ्टपर्यंतही सोडत नाही. साहजिकच हाती आलेल्या नमुन्यात टॉवरवाले कमी पडतात. वेट लावून, म्हणजे कमी पडलेल्या गटाच्या प्रत्येक उत्तराला जास्त वजन देऊन, ती तूट भरायची, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घोडं अडतं ते पद्धत निवडताना.

सगळ्यात सोपे गटवार वेट. समजा, पाण्याच्या तक्रारींसाठी सारख्याच संधीनं १,००० घरं निवडली: ६०० चाळी-वस्त्यांतली, ४०० टॉवरमधली. उत्तरं मिळाली ४८० आणि १६०. मग चाळीतल्या उत्तराला ६०० भागिले ४८०, म्हणजे १.२५ वेट, टॉवरमधल्याला २.५. तक्रार करणारे चाळीत ५० टक्के आणि टॉवरमध्ये १० टक्के असतील, तर वेटाविना एकूण आकडा ४० टक्के येतो, वेट लावून ३४. मात्र हे फुकटात होत नाही. वेट असमान झाले की अंदाज जास्त डळमळतो. संख्याशास्त्रज्ञ किश यांच्या सूत्रानं या ६४० उत्तरांचं मोल समान वेटाच्या ५७१ उत्तरांच्या आसपास उरतं. शिवाय ज्या गटांत तक्रारीचं प्रमाण सारखंच आहे, ते गट पाडून फक्त हा तोटाच पदरात पडतो.

वॉर्ड, वय, लिंग, घराचा प्रकार असं सगळं एकदम घेतलं तर एकेका खान्यात, म्हणजे या सगळ्यांच्या एकेका जोडणीत, दोन-दोन माणसं उरतात. तिथे रेकिंग घ्या. डेमिंग आणि स्टीफन या संख्याशास्त्रज्ञांनी १९४० मध्ये मांडलेली ही रीत: वेट बदलत वयाच्या बेरजा लोकसंख्येच्या बेरजांशी जुळवा, मग वॉर्डाच्या, त्यात वयाच्या हलतात, त्या परत जुळवा, सगळ्या बसेपर्यंत. खरी गोची त्या बेरजांची. २०११ च्या जनगणनेतून घेतल्या तर मधल्या काळात पुनर्विकासात गेलेल्या चाळी तिथे अजून चाळीच आहेत.

प्रोपेन्सिटी, म्हणजे प्रत्येक घराच्या प्रतिसादाची शक्यता रिग्रेशननं (घराच्या माहितीवरून अंदाज बांधणाऱ्या गणितानं) काढून तिच्या व्यस्त प्रमाणात वेट, हे दिसायला भारदस्त. पण न बोललेल्या घरांचीही माहिती हवी: मजला, इमारतीचं वय, काहीतरी. ते टिपलेलं नसेल तर नाद सोडा.

छोट्या सर्व्हेला माझं मत गटवार वेटांना. निवडलेल्या घरांची यादी हातात नसेल किंवा खाने फारच बारीक पडत असतील, तरच रेकिंग. टॉवरमध्ये दुपारी फक्त निवृत्त आजी-आजोबांनीच दार उघडलं असेल, तर २.५ नं गुणून नोकरदार जोडप्याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र द्या आणि रविवारी सकाळी जा.