४ एमएम ड्रॉपचे शूज: गुडघा सुटला, पोटरी धरली

आधीच सांगतो, बूट वाईट नाहीये. पण जाहिरातीतलं "दुखापतीला रामराम" वाचून घेणार असाल तर जरा थांबा.

मी जळगावचा, पहाटे पाचला मेहरूण तलावावर पळतो, आठवड्याला २५-३० किमी. जुन्या शूजचा ड्रॉप १० एमएम, म्हणजे टाच पंजापेक्षा तेवढी उंच. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून सेलमध्ये हे ४ एमएमवाले मागवले, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अर्धी चूक माझीच. पहिल्याच दिवशी घालून ८ किमी मारले, काय हलकं वाटलं राव! आठवड्यात गुडघा पण गप्प, मी लगेच ग्रुपवर लिंक टाकून मोकळा. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला तर टाचेच्या वरची शीर अशी आखडलेली की भिंत धरत धरत बाथरूमला गेलो. अमळनेरची आत्या आलेली होती, म्हणे, "काय व्हयनं रे भाऊ, लंगडत कसा चालस?"

फिजिओने पोटरी दाबली आणि मी ओरडलोच. तो म्हणाला टाच खाली आली की गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो पण पोटरीला आणि त्या शिरेला जास्त राबावं लागतं, भार कुठे जात नाही, फक्त जागा बदलतो. (त्याच महिन्यात मी अंतर पण वाढवलं होतं, ते त्याने खोदून विचारल्यावरच सांगितलं.) विब्रम कंपनीच्या त्या पातळ तळाच्या, पाच बोटंवाल्या शूजचं आठवत असेल, आरोग्याच्या दाव्यांवरून अमेरिकेत केस झाली आणि २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरवर मिटवावी लागली. आणि दुकानदार पाय बघून "सपाट आहे, सपोर्टवाला घ्या" म्हणतो ना, अमेरिकन सैन्यात नवीन भरती झालेल्यांना तळव्याच्या आकारानुसार शूज देऊन पाहिले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. म्हणून मी तरी आता घालून चार पावलं पळून बघतो, पायाला बरं वाटलं तरच घेतो.

बाकी बुटाचं म्हणाल तर वरची जाळी झकास, मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ असतं तेव्हा पण पाय उकडत नाही. ओल्या डांबरावर पकड चांगली. शेताच्या रस्त्याला मात्र नेऊ नका, काळी माती तळाला अशी चिकटते की एकेक पाय किलोभराचा होतो. पंजाला अरुंद आहे, एक नंबर मोठाच मागवा. ३५० किमी झालेत, बाजूच्या फोमला आडव्या सुरकुत्या पडल्यात, अंगठ्याने दाबलं तर पहिल्यासारखा उसळत नाही. ४,२०० ला एवढं लवकर बसायला नको होतं.

आता आठवड्यातून दोनदाच घालतो, ते पण ३-४ किमी, बाकी दिवस जुन्या टाइपचेच. ५ पैकी ३.

भाचा पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी मागतोय. दिले नाहीत, मैदान तीन आठवड्यांवर आलंय त्याचं.