फोंड्यातील एक रिवाइंडिंगचे दुकान आणि तिथे मिळणारी उत्तरे

विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली, की गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील बहुतेक घरांतून ती रिक्षात घालून शहरात आणली जाते आणि चार-पाच दिवसांनी नवे वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची नवी गुंडाळी, करून परत नेली जाते. ती का जळाली, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर "वीज कमी-जास्त झाली असेल" यापलीकडे उत्तर मिळत नाही. ज्या दुकानाविषयी मी हे लिहीत आहे, तिथे हा प्रश्न मेस्त्री स्वतःच गिऱ्हाइकाला विचारतात, आणि उत्तर सापडेपर्यंत मोटर खोलत नाहीत. फोंड्याच्या वरच्या बाजाराच्या बाजूला, दोन गाळ्यांएवढ्या जागेत हे दुकान आहे. आधीच हातात पुरे होईल एवढे काम असल्यामुळे नाव छापू नये, अशी मेस्त्रींची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. गेल्या दीड वर्षात माझे तिथे पाच वेळा जाणे झाले. त्यांपैकी दोनदा दुरुस्तीचे काम होते. उरलेल्या तीन वेळा मी केवळ शंका घेऊन गेले.

मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवत असे. विज्ञानाचे शिक्षण माझ्याकडे शाळेपुरतेच आहे, परंतु घरातली यंत्रे कशी चालतात हे समजून घेण्याची ओढ लहानपणापासून आहे. कारागिराला असे काही विचारले, की तो एकतर घाईत असतो किंवा बाईमाणसाला काय कळणार असा त्याचा समज असतो, हा अनुभव मी पुष्कळदा घेतला आहे. म्हणूनच पहिल्या भेटीत मिळालेली वागणूक मला विशेष वाटली.

तो मे महिना होता. आमची विहीर चिऱ्यांनी बांधलेली, साधारण 11 मीटर खोल आहे, आणि अर्ध्या एचपीचा पंप वर काठावरच्या चौथऱ्यावर बसवलेला होता. पंप चालू व्हायचा, आवाजही नेहमीसारखा यायचा, पण टाकीत पाणी पडत नसे. दुसऱ्या एका कारागिराने पाहून मोटर कमजोर झाल्याचे सांगितले होते आणि एक एचपीचा पंप घ्या, असा सल्ला दिला होता. या दुकानात मी तो पंप घेऊन गेले, तेव्हा मेस्त्रींनी त्याच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. पंपापासून पाण्याची पातळी सध्या किती खाली आहे, एवढेच त्यांनी विचारले. मला ते ठाऊक नव्हते. "बाई, दोरीला दगड बांधून मोजा आणि उद्या या, तोवर पैसे खर्च करू नका," असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी मी आकडा घेऊन गेले: साडेआठ मीटर.

त्यावर त्यांनी शेजारच्या हॉटेलातून पाण्याचा पेला आणि शीतपेयाच्या दोन नळ्या मागवल्या. एक नळी पाण्यात आणि दुसरी पेल्याबाहेर, अशा दोन्ही नळ्या एकदम ओठांत धरून पाणी ओढून पाहायला त्यांनी मला सांगितले. कितीही जोर लावला तरी पाणी चढेना. बाहेरच्या नळीचे टोक त्यांनी बोटाने बंद केले, तेव्हा ते लगेच आले. आपण पाणी ओढतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात आपण तोंडातला हवेचा दाब कमी करतो आणि पेल्यातील पाण्यावर बाहेरून दाबणारी हवा ते पाणी वर ढकलते. दुसरी नळी उघडी असली, की तोंडातला दाब कमीच होत नाही. सक्शन पाइपाच्या जोडात बारीक फट असली, की पंप "हवा घेतो" असे म्हणतात, ती फट म्हणजेच ही दुसरी नळी. पंपात आधी पाणी का भरावे लागते आणि पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी खाली परत जाऊ न देणारी झडप, गळू लागला की रोज ते का भरावे लागते, हेही त्या ओघात समजले.

पुढचा भाग त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडून समजावला. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याचा 760 मिलिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, म्हणून हाच दाब पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंच स्तंभ तोलू शकेल. पंपाने आतली सगळी हवा काढून पूर्ण निर्वात पोकळी केली, तरी पाणी याहून वर येणार नाही, कारण ढकलणाऱ्या हवेचे बळच तेवढे आहे. शिवाय पाइपातील घर्षण, पाण्याची वाफ आणि जोडांमधील बारीक गळती धरली, तर व्यवहारात सात-साडेसात मीटरच्या पुढे काठावरचा पंप भरवशाने चालत नाही. आमचे पाणी साडेआठ मीटरवर गेले होते, म्हणून एक एचपी काय किंवा पाच एचपी काय, काठावर बसवलेला कोणताही साधा पंप तिथे हतबल ठरला असता. नवा पंप घेण्याचा माझा खर्च या एका कागदामुळे वाचला.

हे ऐकताना मला एक जुनी हकीकत आठवली. गॅलिलिओने 1638 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात एका पात्राच्या तोंडी असे घातले आहे, की पाणी खाली गेल्यामुळे पंप चालेना, म्हणून दुरुस्तीसाठी कारागीर बोलावला, तर दोष पंपाचा नसून अठरा हातांपलीकडे पाणी असे वर चढतच नाही, असे त्या कारागिराने सांगितले. पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने दोरीसारखा तुटतो, असे कारण गॅलिलिओने दिले, आणि ते चुकीचे होते. खरे कारण इटलीतल्याच टोरिचेली या शास्त्रज्ञाने पाऱ्याच्या नळीच्या आधारे 1644 मध्ये मांडले, आणि आजचा वायुभारमापक त्यातूनच आला. त्या काळच्या कारागिराला ठाऊक असलेली मर्यादा आमच्या विहिरीवर जशीच्या तशी उभी होती, याचा मला मनापासून आनंद झाला.

उपाय सुचवतानाही मेस्त्रींनी घाई केली नाही. पंप विहिरीत खाली उतरवून कट्ट्यावर बसवणे हा स्वस्त मार्ग होता, पण आमच्याकडे जुलैत पाणी काठापासून हातभर अंतरावर येते आणि असा पंप पहिल्याच मोठ्या पावसात बुडाला असता. म्हणून पाण्यातच राहणारा ओपनवेल सबमर्सिबल पंप घ्यावा असे ठरले. तो पाण्याच्या आतून वर ढकलतो, त्यामुळे हवेच्या दाबाची मर्यादा त्याला लागू होत नाही. मात्र भोवतीच्या पाण्यानेच तो थंड होतो, म्हणून विहीर आटली असताना तो कोरडा चालू देऊ नये, हे त्यांनी दोनदा बजावले. हा पंप ते स्वतः विकत नाहीत. त्यांनी मला दुसऱ्या दुकानात पाठवले, आणि सल्ल्याचा एक रुपयाही घेतला नाही.

घरापासून विहिरीपर्यंतच्या वायरीबाबत मात्र मी जवळजवळ चूक केली होती. अंतर 60 मीटर होते, आणि घरात पडून असलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरेल असे मी धरून चालले होते. त्यांनी पुन्हा कॅलेंडर उलटे केले. जायची आणि यायची मिळून तांब्याची तार 120 मीटर, तिचा रोध सुमारे 1.4 ओहम. पंप चालू असताना 4 अँपिअर प्रवाह धरला, तर साडेपाच व्होल्ट वाटेतच खर्च होतात, आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. पण सुरू होताना मोटर पाचपट प्रवाह घेते, आणि मग वाटेत 28 व्होल्ट गळतात. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट 11 व्होल्टवर येते. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज 190 पर्यंत उतरलेले मी मीटरवर पाहिले आहे, आणि त्यातून आणखी 28 वजा केले तर मोटरला सुरू होणे कठीण झाले असते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर जोर सुमारे 60 टक्क्यांवर येतो. अशी अडलेली मोटर जास्त प्रवाह ओढते, प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे तापते, आणि दर 10 अंश वाढीव तापमानामागे तारेवरच्या इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. "वीज कमी-जास्त झाली" या चार शब्दांमागे एवढी साखळी आहे, हे मला वयाच्या साठीत प्रथमच कळले. त्याच बैठकीत त्यांनी 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय पाण्यातल्या पंपाला वीज जोडू नका, असा आग्रह धरला, आणि तो आम्ही बसवला.

दुसऱ्या दुरुस्तीच्या वेळी काठावरचा जुना पंप बागेतल्या टाकीसाठी वापरायचा होता. बटण दाबले की तो नुसता गुणगुणत राही, आणि काडीने पंखा फिरवला तर मात्र चालू होई. एक फेजच्या मुख्य वाइंडिंगमधले चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होते, म्हणून उभ्या मोटरला कोणत्या दिशेने जायचे हे ठरत नाही. मोटरला जोडलेला कॅपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा छोटा डबा, दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह काळाने पुढे सरकवतो आणि त्या दोघांतून फिरते क्षेत्र तयार होते. आमच्या कॅपॅसिटरवर 10 मायक्रोफॅरड लिहिले होते आणि मीटरवर 4 दिसले. काडीने पंखा फिरवण्याचा प्रयोग पुन्हा करू नका, असे सांगताना त्यांचा स्वर कडक होता, आणि तो योग्यच होता. नुसता कॅपॅसिटर बदलून काम भागेल असे मला वाटले, पण मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, तपासल्यावर इन्सुलेशन एक मेगाओहमच्याही खाली गेलेले निघाले, कारण गुणगुणत उभी राहिलेली मोटर आतून भाजली होती. जुन्या कॉइलचे वेढे मोजून, तारेचे गेज वहीत टिपून, नवे वाइंडिंग करून, व्हार्निश ओतून भट्टीत वाळवून दिल्याचे 1,600 रुपये झाले. वेढ्यांची ती वही दुकानातली सर्वांत मौल्यवान वस्तू आहे, असे माझे मत आहे.

शनिवारी दुपारी तिथे इतरही विचारणारे येतात. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तुषार सिंचन केलेल्या एका बागायतदाराला वरच्या टप्प्यावरचे फवारे मंद का, हे हवे होते. 10 मीटर चढामागे जवळपास एक किलो दाब कमी होतो, या हिशेबाने त्याचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. ऑक्टोबरच्या विजांच्या दिवसांत नुसते बटण बंद करून पंप वाचतो का, या प्रश्नावर बटणाने एकच तार तुटते, न्यूट्रल जोडलेलीच राहते, म्हणून वादळ येण्याआधीच प्लग उपसून ठेवा, असे उत्तर मिळाले.

आता उणिवा. वाइंडिंग चौथ्या दिवशी देतो म्हणाले आणि नवव्या दिवशी दिले, आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. पावसाळ्याआधीच्या गर्दीत प्रश्न विचारणाऱ्याला तासभर ताटकळावे लागते. बिल हाताने लिहिलेले असते आणि त्यात मजुरी व सामान वेगळे दाखवलेले नसते, ते मागून घ्यावे लागते. एक उत्तरही चुकीचे निघाले. पंपाचे लोखंड एवढ्या लवकर का गंजले, असे मी विचारले, तेव्हा खाऱ्या हवेमुळे, असे त्यांनी सांगितले. आमचे घर समुद्रापासून बरेच आत आहे, म्हणून मला ते पटले नाही. माझ्या जुन्या शाळेतून मी पीएच तपासण्याच्या पट्ट्या आणल्या; विहिरीचे पाणी पाच आणि सहा यांच्या मधे, म्हणजे चांगलेच आम्लधर्मी निघाले. जांभ्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात चुन्याचा अंश फारच थोडा असल्यामुळे ते असे राहते आणि लोखंडाला खाते. पट्टी दाखवल्यावर मेस्त्रींनी ती उजेडात धरून पाहिली, माझे चुकले असे सरळ म्हटले, आणि दुकानातल्या मुलाला वहीत तशी नोंद करायला लावली. त्यानंतर आम्ही लोखंडी पाइप काढून पीव्हीसीचे घातले. या एका प्रसंगासाठी मी पाच दिवसांचा उशीर विसरायला तयार आहे.

जाणाऱ्यांनी पंपावरच्या पाटीचा फोटो, पाण्याची मोजलेली पातळी, घर ते विहीर अंतर आणि सकाळ-संध्याकाळचे व्होल्टेज एवढे लिहून न्यावे. शनिवारी दुपारी तीननंतर गर्दी कमी असते. मी पुढच्या वेळी पीएचच्या उरलेल्या पट्ट्या नेणार आहे, कारण मेस्त्रींनी आपल्या मडकईच्या घरच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणायचे कबूल केले आहे.