प्रोस्टेटच्या किरणोपचारांना जोड कशाची द्यावी?

प्रोस्टेटचा कर्करोग बळावलेला आहे पण हाडांपर्यंत गेलेला नाही, अशा रुग्णाला किरणोपचारांसोबत हार्मोनरोधक (पुरुषी हार्मोन रोखणारे) इंजेक्शन द्यावे की गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारे बेव्हासिझुमॅबसारखे औषध द्यावे, याचा विचार करताना दोन्हींमागचा पुरावा एका तोलाचा नाही हे आधी लक्षात घ्यावे.

हार्मोनरोधाची बाजू भक्कम आहे. युरोपातील ४१५ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचारांसोबत तीन वर्षे गोसेरेलिन हे हार्मोनरोधक इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के, तर नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. अंगातून वाफा येणे, हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे ही त्याची किंमत आहे आणि ती कमी लेखू नये.

रक्तवाहिन्या रोखण्याचा विचार अमेरिकन शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. प्राणवायू न मिळालेल्या पेशी मारायला किरणांची मात्रा जवळपास तिप्पट लागते, मग रक्तपुरवठाच तोडून कसे चालेल, ही शंका रास्त आहे. त्यावरचे उत्तर असे की गाठीतील वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात, औषधाने त्या काही दिवस सावरतात आणि तेवढ्या अवधीत किरण अधिक परिणाम करतात. तर्क मला पटतो. पण रुग्णांचे आयुष्य त्याने वाढल्याचे अजून दिसलेले नाही. हार्मोनरोधाला न जुमानणाऱ्या, पसरलेल्या रोगात १०५० रुग्णांवर डोसिटॅक्सेल या केमोथेरपीच्या औषधासोबत बेव्हासिझुमॅब वापरून पाहिले, तेव्हा मध्यक आयुर्मान २१.५ महिन्यांवरून २२.६ वर गेले, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक पडला नाही. उपचारामुळे होणारे मृत्यू मात्र १.२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले. किरणोपचारांसोबतचे प्रयोग तर मोजक्या रुग्णांवरचेच आहेत.

मला अधिक काळजी वाटते ती गुदाशयाची. प्रोस्टेटची मागची बाजू गुदाशयाला जवळजवळ चिकटलेली असते, त्यामुळे मूत्राशय भरून टेबलावर निजलेल्या रुग्णाच्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला प्रत्येक बैठकीत थोडे किरण लागतातच, आणि जखम भरून येण्यात अडथळा आणणे, रक्तस्राव होणे हेच या औषधाचे ठाऊक असलेले दोष आहेत. शिवाय पुरुषी हार्मोन घटले की वाहिन्या वाढवणारे प्रथिनही कमी होते, म्हणजे हार्मोनरोधातून हे काम काही अंशी आपसूक साधते.

तेव्हा किरणोपचारांसोबत हार्मोनरोधच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे औषध कोणी सुचवलेच, तर ते हार्मोनरोधाऐवजी नव्हे तर त्याच्या जोडीने आणि रीतसर चाचणीतच दिले जात आहे ना, हे विचारावे. भारतात अशा चाचणीची सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद असते, तो क्रमांक सही करण्यापूर्वी मागून घ्यावा.